सोमलाच्या पाण्याचा माग

महाराष्ट्रात विहीर खणायची म्हणजे सुरुंग, कातळ आणि नशीब या तिघांशी गाठ असते. बसाल्टच्या भेगांत पाणी लागले तर लागले. दक्षिण बंगालमधल्या शेतकऱ्याला हे सांगितले तर खरे वाटणार नाही. तिथे शंभर मीटर खाली गेले तरी दगड म्हणून लागत नाही. वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू. तिथले मिस्त्री बांबूची परांची उभारतात, तरफेने लोखंडी पाइप वरखाली करतात आणि परांचीवर बसलेला एक जण पाइपाच्या तोंडावर तळहात दाबतो, उचलतो, पुन्हा दाबतो. तळहात हीच झडप. प्रत्येक हिसक्याबरोबर पाइपातून गढूळ पाणी आणि वाळू उसळून बाहेर पडते. यंत्र नाही, स्फोटके नाहीत, आणि उथळ विहीर एका दिवसात तयार होते. या तळहातावरून वाहणाऱ्या वाळूकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या तीन नद्या मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ हिमालय आणि आसपासच्या डोंगरांतून खाली आणतात. त्यातून जगातला सर्वांत मोठा त्रिभुज प्रदेश तयार झाला. नकाशावर त्याचे दोन तुकडे दिसतात, पश्चिम बंगाल आणि बांगलादेश. जमिनीखालच्या वाळूला ही सीमा ठाऊक नाही.

या प्रदेशात पाण्याची कमतरता कधीच नव्हती. होती ती स्वच्छ पाण्याची. तळी, डबकी आणि नद्या यांचे पाणी पिऊन लोक पटकी आणि अतिसाराने मरत. म्हणून १९७०च्या दशकापासून युनिसेफ, सरकार आणि इतर संस्थांनी हापश्याच्या उथळ कूपनलिकांचा जोरदार प्रसार केला. पुढे लोकांनीच स्वतःच्या पैशाने अंगणाअंगणात त्या बसवल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस एकट्या बांगलादेशात त्यांची संख्या ६० लाखांच्या वर असल्याचे अंदाज होते. पाणी गाळून वर येते, त्यात जंतू नाहीत, हे म्हणणे बऱ्याच अंशी खरेच होते. आर्सेनिक कोणी मोजले नव्हते.

आर्सेनिकचे पांढरे ऑक्साइड म्हणजे आपल्याकडचा सोमल. पाण्यात आर्सेनिक विरघळलेले असले तरी ना रंग, ना वास, ना चव. मोजायचे तेही लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या हिशेबात. इतक्या थोड्या विषाने कोणी तडकाफडकी मरत नाही. पाच, दहा किंवा त्याहून अधिक वर्षांनी अंगावर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके येतात, तळहात आणि तळपाय खरबरीत होतात, आणि काहींना पुढे कर्करोग होतो. खेड्यात अशा माणसाला कुष्ठरोगी समजून दूर ठेवण्याचे प्रकार घडले.

१९८३च्या जुलैमध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये असा एक रुग्ण त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यासमोर आला. साहांनी लक्षणे ओळखली, आणि ट्यूबवेलच्या पाण्यामुळे होणाऱ्या आर्सेनिकच्या विषबाधेवरचा निबंध १९८४ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. १९८८ साली डॉ. डी. एन. गुहा मजुमदार आणि सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत याच विषयावर लिहिले. त्याच वर्षी जादवपूर विद्यापीठाचे रसायनतज्ज्ञ दीपंकर चक्रवर्ती गावोगावच्या पाण्याचे नमुने गोळा करून तपासू लागले.

शोधाचा इतिहास आपण वर्गात सहसा असाच सांगतो: अमुक साली अमुक माणसाने अमुक शोधले. आम्हालाही ही सवय आहे. पण या प्रश्नावरचे निबंध वाचताना आम्ही एकदा एक मोठा कागद पसरला, प्रत्येक संशोधकगटासाठी एक टिंब काढले, आणि ज्याचे काम ज्याच्यापर्यंत पोचल्याचा पुरावा आहे त्या दोघांत रेघ ओढली. ही युक्ती आमची नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यूजीन गारफील्ड यांनी कोणता निबंध कोणत्या जुन्या निबंधाचा उल्लेख करतो याची सूची छापायला सुरुवात केली, आणि १९६५ साली डेरेक डी सोला प्राइस यांनी अशा उल्लेखांतून विज्ञानाचे जाळे कसे विणले जाते हे ‘सायन्स’ साप्ताहिकात दाखवले. आता हे काम संगणक क्षणात करतो. हाताने केले तर वेळ लागतो, पण जिथे रेघ असायला हवी होती आणि नाही, तिथे पेन्सिल थबकते. संगणक थबकत नाही.

आमची पेन्सिल पहिल्यांदा थबकली ती १९७६वर. त्या वर्षी चंदीगडच्या डॉ. डी. व्ही. दत्ता यांनी यकृताच्या एका विकाराचा संबंध आर्सेनिकशी जोडला होता आणि उत्तर भारतातल्या खेड्यांच्या पिण्याच्या पाण्यातही आर्सेनिक सापडल्याचे लिहिले होते. त्याच्याही आधी, १९६८ साली, तैवानमध्ये ४०,४२१ लोकांची तपासणी करून विहिरीच्या पाण्यातले आर्सेनिक आणि त्वचेचा कर्करोग यांचा संबंध दाखवला गेला होता. म्हणजे गाळाच्या प्रदेशातल्या विहिरीत आर्सेनिक असू शकते, ही माहिती जगात होती. ती होती यकृताच्या आणि कर्करोगाच्या कपाटात. विहिरींचे निर्णय घेणारे अभियंते ते कपाट उघडत नसत. यात त्यांना दोष देण्यापूर्वी आपण स्वतः किती परक्या विषयांची नियतकालिके चाळतो, ते आठवून पाहावे.

दुसरी जागा अधिक बोचणारी आहे. १९८७ सालापर्यंत कलकत्त्यात ओळखल्या गेलेल्या रुग्णांमध्ये बांगलादेशातून आलेली काही माणसेही होती. रोगी सीमा ओलांडून आला होता, म्हणजे त्याचा हापसा सीमेपलीकडे होता, आणि तोही त्याच गाळात. तरीही बांगलादेशात भूजलातले आर्सेनिक तिथल्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाने चापाई नवाबगंज जिल्ह्यात प्रथम नक्की केले ते १९९३च्या अखेरीस. सहा वर्षे गेली. त्या सहा वर्षांत जुन्या हापश्यांचे पाणी लोक पीत होतेच, शिवाय नवे हापसे बसत होते.

याच काळात, १९९२ साली, ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या सुमारे १५० कूपनलिकांच्या पाण्याचे रासायनिक विश्लेषण करून अहवाल दिला. अनेक घटक मोजले होते. आर्सेनिक मोजले नव्हते. पुढे एका बाधित बांगलादेशी नागरिकाने इंग्लंडमध्ये दावा लावला. तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००६ साली फेटाळला गेला. अहवाल लिहिणारी संस्था आणि पाणी पिणारा माणूस यांच्यात जबाबदारी ठरण्याइतके निकटचे नाते नाही, तिचे त्या पाणीपुरवठ्यावर नियंत्रण नव्हते, असा निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. आमच्या कागदावर मात्र हीच ती न ओढलेली रेघ होती, आणि तिची नोंद एका न्यायालयाच्या दप्तरात झालेली पाहून आम्ही चकित झालो.

१९९५च्या फेब्रुवारीत जादवपूर विद्यापीठाने कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, १९९८च्या फेब्रुवारीत ढाक्यात दुसरी झाली, आणि कागदावर रेघांची एकदम गर्दी उडाली. वैद्य, रसायनतज्ज्ञ, भूशास्त्रज्ञ प्रथमच एका खोलीत बसले. आणि भांडले. भांडण कशाचे होते ते पाहणे महत्त्वाचे आहे, कारण उपाय त्यावर अवलंबून होता.

गाळात आर्सेनिक आहे हे ठीक; पण ते पाण्यात का उतरते? एक मत असे होते की दोष सिंचनाच्या पंपांचा आहे. उपशामुळे पाण्याची पातळी उतरते, कोरड्या पडलेल्या गाळात हवा शिरते, आर्सेनिकयुक्त पायराइट हे खनिज ऑक्सिजनमुळे मोडते आणि आर्सेनिक मोकळे होते. हे खरे असेल तर उपसा थांबवणे हाच उपाय. पण पायराइट मोडले तर पाण्यात सल्फेट वाढायला हवे. आर्सेनिकवाल्या पाण्यात ते कमी होते. ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. लोह मात्र भरपूर. आणि हवा मुक्तपणे खेळते अशा साध्या खोदलेल्या विहिरींत आर्सेनिक बहुधा कमी होते! पंपांना दोष देणारे मत या तपशिलांपुढे टिकेना.

दुसरे मत १९९७-९८च्या सुमारास पुढे आले. पी. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली, तर लंडन व ढाक्याच्या संशोधकांनी मिळून १९९८ साली ‘नेचर’मध्ये ते मांडले. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडांचा, सोप्या भाषेत गंजाचा, पातळ लेप असतो आणि आर्सेनिक त्या लेपाला चिकटलेले असते. गाळात पाने, मुळे, कुजलेली दलदल गाडली गेली आहे. ती कुजवणाऱ्या जीवाणूंना ऑक्सिजन संपल्यावर दुसरे काही लागते. काही जीवाणू लोहाचे ऑक्साइड वापरतात. लेप विरघळतो, लोह पाण्यात जाते आणि त्याबरोबर आर्सेनिकही. २००४ साली पश्चिम बंगालमधला गाळ प्रयोगशाळेत ठेवून जीवाणूंचा हा हात प्रत्यक्ष दाखवण्यात आला. जीवाणूंना लागणारा कार्बन कुठून येतो, पुरलेल्या दलदलीतून की उपशामुळे वरून ओढला जाणाऱ्या पाण्यातून, यावर मात्र पुढेही वाद झाले. म्हणजे पंप पूर्ण निर्दोष सुटले असे नाही.

नुकसानीचा आवाका तोवर कळू लागला होता. ॲलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत लिहिले की बांगलादेशाच्या १२.५ कोटी लोकसंख्येपैकी ३.५ ते ७.७ कोटी लोकांना धोका आहे, आणि इतिहासात इतक्या मोठ्या समाजाला झालेली दुसरी विषबाधा नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३,५३४ विहिरी तपासल्या होत्या. १५० मीटरपेक्षा उथळ विहिरींपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर होते. त्याहून खोल विहिरींत असे प्रमाण १ टक्का. ५० ही बांगलादेशाची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने ती १९९३ सालीच १० वर आणली होती. ही पाहणी करणाऱ्यांत ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेही होता, हे सांगायला हवे.

सरासरीने मात्र खेड्यातल्या माणसाचे काम भागत नाही. ढाक्याच्या पूर्वेला आराईहाजार भागात कोलंबिया विद्यापीठ आणि ढाक्याच्या संशोधकांनी लागून असलेल्या सुमारे ५,००० विहिरींतली प्रत्येक विहीर तपासली. निम्म्याहून थोड्या अधिक असुरक्षित निघाल्या. पण एका अंगणात विष आणि शेजारच्या अंगणात चांगले पाणी, अशी सरमिसळ होती. जवळजवळ ९० टक्के लोकांच्या घरापासून १०० मीटरच्या आत एक तरी सुरक्षित विहीर होती. म्हणजे बऱ्याच ठिकाणी पहिला उपाय यंत्र नव्हते, शेजाऱ्याची परवानगी होती. देशभर सुमारे ५० लाख हापसे तपासून सुरक्षित ते हिरवे आणि बाकीचे लाल रंगवले गेले. लाल निघाले सुमारे १४ लाख. तरीही २००९च्या पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार तेव्हा सुमारे २ कोटी लोक ५०च्या वरचे आणि ४.५ कोटी लोक १०च्या वरचे पाणी पीत होते. रंग उडतो, विहीर नवी बसते, शेजाऱ्याशी भांडण होते.

ही सरमिसळ का, याचे एक उत्तर हिमयुगात आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता. नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या आणि मधले उंचवटे हजारो वर्षे हवापाण्यात उघडे राहून तांबूस झाले. समुद्र वर आला तेव्हा दऱ्या करड्या, कुजक्या गाळाने भरल्या. करड्या वाळूत आर्सेनिक सुटते. तांबूस वाळूत लोहाचा लेप अजून शाबूत असतो आणि आर्सेनिकला धरून ठेवतो. जमिनीवरून दोन्ही सारखेच दिसतात.

वर येणाऱ्या वाळूचा रंग पहिल्यांदा कोण पाहतो? पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवणारा माणूस. मेघनेच्या काठी मतलब भागात स्वीडन आणि ढाक्याच्या संशोधकांना आढळले की स्थानिक मिस्त्री वाळूचा रंग पाहूनच चांगल्या पाण्याचा थर शोधत. ते वाळूचे चार रंग सांगत: काळा, पांढरा, मळकट पांढरा आणि लाल. संशोधकांनी नमुने तपासले. काळ्या वाळूतल्या पाण्यात आर्सेनिक सर्वांत जास्त होते. लाल आणि मळकट पांढऱ्या वाळूत ते बहुधा १०च्या आत. हा निबंध २००७ साली आला.

आम्ही आमच्या कागदावर मिस्त्रींसाठी एक टिंब काढले. ते कुठे काढायचे यावर बराच वेळ गेला, कारण त्यांनी कोणत्याही निबंधाचा संदर्भ दिलेला नव्हता, आणि २००७ पूर्वी त्यांच्याकडे जाणारी एकही रेघ आम्हाला सापडली नव्हती. शेवटी ते आम्ही कागदाच्या मधोमध काढले.