पुतणीचा मेजर

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला तोच मुळी वैतागलेला. "अरे, ही म्हणते मी माझा विषय मीच तयार करणार. म्हणजे काय? एवढ्या मोठ्या कॉलेजात विषय कमी पडले का?"

ही म्हणजे माझी पुतणी. अमेरिकेत शिकते, दुसरं वर्ष. तिला नुसतं सिव्हिल इंजिनिअरिंग नको, नुसता इतिहासही नको. तिला हवंय नदी, पूर आणि नदीकाठचं शहर असं सगळं मिळून. आम्ही सांगलीचे, तेव्हा हे खूळ कुठून आलं ते वेगळं सांगायला नको. २०१९ च्या पुरात ती आजीकडे होती. जिन्याच्या कितव्या पायरीला पाणी आलं हे ती दर तासाला वहीत लिहून ठेवत होती म्हणे.

दादाची काळजी मला कळते. डोक्यावर कर्ज आहे, आणि "मुलगी काय शिकते?" या प्रश्नाला आपल्याकडे एका शब्दात उत्तर लागतं. मी म्हटलं, जरा वाचतो आणि सांगतो. वाचायला बसलो तर हे प्रकरण पुतणीपेक्षा बरंच जुनं निघालं.

१८५० साली ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलँड यांनी संस्थाचालकांना एक अहवाल दिला. सगळ्यांना एकाच साच्यातून काढू नका, ज्याला जे शिकायचं ते शिकू द्या, व्यापारी-कारागिरांच्या मुलांच्या उपयोगाचंही शिकवा, असा त्याचा रोख. लॅटिन-ग्रीक म्हणजेच शिक्षण, अशा त्या काळात हे भलतंच धाडस होतं. प्रयोग फार टिकला नाही. १८५५ साली वेलँड गेले आणि पुढच्या माणसाने गाडी बरीचशी जुन्या रुळावर आणली.

मग हार्वर्ड. चार्ल्स एलियट तिथे १८६९ ते १९०९, चाळीस वर्षं अध्यक्ष होते. त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले. शतक संपता संपता पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन सोडलं तर सक्तीचं जवळजवळ काही उरलं नव्हतं. ज्यांना आतून काही हवं होतं त्यांचं सोनं झालं. बाकीच्यांनी काय केलं असेल? तेच, जे मी केलं असतं. सोपे विषय, सोपे मास्तर. म्हणून १९०९ साली आलेल्या लॉवेल यांनी लगाम घातला: सोळापैकी निदान सहा अभ्यासक्रम एका क्षेत्रातले घ्या, बाकीचे ठरवून दिलेल्या गटांत वाटा. आज ज्याला आपण 'मेजर' म्हणतो त्याची चौकट थोडीफार अशी पक्की झाली.

याच चौकटीत आपला एक माणूस शिकत होता हे वाचून मला फार गंमत वाटली. दामोदर धर्मानंद कोसंबी! १९०७ साली गोव्यात जन्म, वडिलांबरोबर लहानपणीच अमेरिकेत, आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी, तीही सर्वोच्च श्रेणीत. जॉर्ज बर्कहॉफसारख्या मोठ्या गणितज्ञाची इच्छा होती की या मुलाने गणितावरच लक्ष द्यावं. मुलगा मात्र भाषा आणि भलतेसलते विषय घेत सुटला. पुढे याच माणसाने प्राचीन नाणी तराजूत तोलून, संख्याशास्त्र लावून इतिहास मांडला, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि पोटापाण्यासाठी गणित शिकवलं. आता यांचा 'विषय' कोणता म्हणायचा? (दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आपली पोर कोसंबी नाही." हेही खरंच.)

पण कोसंबी हा एकट्याचा मामला. असं काही करायचा रीतसर रस्ता बांधला गेला तो साठच्या दशकाच्या शेवटी, पुन्हा ब्राउनमध्येच. ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण मला त्यातच खरी मेख सापडली.

१९६६ च्या सुमारास तिथल्या सत्तरेक विद्यार्थ्यांनी एक अभ्यासगट काढला. विषय काय? तर आपल्याला शिकवतात ते असंच का शिकवतात! त्यातल्या आयरा मॅगझिनर आणि एलियट मॅक्सवेल या दोघांनी पुढे चारशेहून अधिक पानांचा अहवाल लिहिला. वीस-एकवीस वर्षांची पोरं. शिक्षणाचा इतिहास, तत्त्वज्ञान, इतर कॉलेजांत काय चालतं, आपल्याकडे काय बदलावं, सगळं त्यात. मग तो प्राध्यापकांच्या गळी उतरवण्याचं काम. त्यांना गाठायचं, चर्चा करायची, सभा घ्यायच्या, पुन्हा चर्चा करायची.

काळ बघा. १९६८ च्या एप्रिलमध्ये कोलंबियात विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या. १९६९ च्या एप्रिलमध्ये हार्वर्डमध्ये तेच झालं, पोलीस आले, डोकी फुटली. आणि ब्राउनमध्ये त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्राध्यापकांची सभा कित्येक तास अभ्यासक्रमावर वाद घालत होती. विषयवाटपाची सक्ती रद्द झाली. श्रेणीऐवजी नुसतं 'समाधानकारक' असा शेरा घ्यायची सोय झाली. नापास झालेला अभ्यासक्रम गुणपत्रिकेवर दिसेनासा झाला. आणि ठरलेल्या यादीतला विषय पटत नसेल तर आपला विषय आपण मांडायचा मार्ग मिळाला. त्याला तिथे 'इंडिपेंडंट कॉन्सन्ट्रेशन' म्हणतात.

सगळंच टिकलं असं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी विचार करायच्या पद्धतीच शिकवणारे खास वर्ग काढले होते, ते पुढे विरून गेले. असे वर्ग शिकवायला कष्ट फार, आणि प्राध्यापकाची बढती होते ती आपल्या विभागात. मॅगझिनर मात्र गाजले. १९६९ च्या जूनमध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने त्या वर्षीच्या पदवीदान समारंभांतल्या विद्यार्थ्यांची भाषणं छापली, त्यात हे होते आणि वेलस्लीची हिलरी रॉडहॅमही होती. पुढे १९९३ साली दोघांनी मिळून क्लिंटन सरकारची आरोग्य योजना आखली. तिचं विधेयक तेराशेहून जास्त पानांचं झालं आणि १९९४ मध्ये बारगळलं. प्रत्येक जागी जाडजूड अहवाल चालत नाही, असो.

तर मेख अशी की एलियटच्या हार्वर्डमध्ये विद्यार्थ्याला कुणी 'का?' असं विचारत नव्हतं. ब्राउनच्या वाटेवर हाच प्रश्न पहिला. तुमचा प्रश्न काय, तो आहे त्या विभागात का मावत नाही, कोणते अभ्यासक्रम घेणार आणि त्याच क्रमाने का, शेवटी काय करून दाखवणार, मार्गदर्शक कोण? हे सगळं लिहून द्यायचं, आणि प्राध्यापक-विद्यार्थ्यांची समिती ते वाचणार. सुधारून आणा म्हणून अर्ज परत येणं हे नेहमीचंच. दादाला वाटत होतं की पोरगी कटकट टाळायला पळवाट शोधतेय. मला तर वाचून घाम फुटला. मी बारावीनंतर सायन्स घेतलं कारण टक्के होते. मला 'का?' असं कुणी विचारलं असतं तर अर्धं पानही लिहिता आलं नसतं.

पुतणीचं कॉलेज दुसरं, पण पद्धत जवळजवळ हीच. तिचा पहिला अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा: हे भूगोल विभागात का होणार नाही? दोन दिवस रुसून बसली होती. मग आईकडून ती जुनी वही फोटो काढून मागवली. पाणी कितव्या पायरीला आलं ते मोजणं हे जलविज्ञान झालं. पण नदीच्या इतक्या जवळ घर बांधलं कुणी, त्याला परवानगी दिली कुणी, आणि १९१४ च्या पुराच्या खुणा लोक कशा विसरले, हे एका विभागात बसत नाही, असं तिने दुसऱ्या मसुद्यात लिहिलंय. सतरा अभ्यासक्रमांची यादी आणि प्रत्येकापुढे दोन-दोन ओळी.

रविवारी रात्री तिने तो आम्हा दोघांना फोनवर वाचून दाखवला. दादा मधे एकदाही बोलला नाही, म्हणजे नवलच. वाचून झाल्यावर म्हणाला, "सांगलीचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगवेगळं आहे, ते बघ." आणि मग थोड्या वेळाने, "बरं, सर्टिफिकेटवर नाव काय छापणार?"

ते अजून ठरायचंय. समितीची बैठक पुढच्या गुरुवारी आहे.