प्रकाश आणि बांधणी : मोने, सेझान आणि रझा

१९४८ साली श्रीनगरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी सय्यद हैदर रझा या सव्वीस वर्षांच्या चित्रकाराची चित्रे पाहिली. अभिप्राय कौतुकाचा होता, आणि बोचराही : हातात गुण आहे, पण चित्राला बांधणी नाही, सेझान अभ्यासावा.

हा शेरा का बोचावा, हे समजण्यासाठी आधी पॅरिसला जावे लागते.

एप्रिल १८७४. नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःचे प्रदर्शन मांडले. त्यातील मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रावरून लुई लरॉय या समीक्षकाने टर उडवली, आणि टिंगलीचा तोच शब्द चळवळीचे नाव झाला : इम्प्रेशनिझम, मराठीत दृक्प्रत्ययवाद. उघड्यावर बसून रंगवणे, रंगांचे सुटे फटकारे शेजारी शेजारी ठेवणे, सावलीतही काळ्याऐवजी निळे-जांभळे शोधणे, ही त्याची रीत. नळीत भरलेले तयार रंग बाजारात आले नसते, तर हे साधणे अवघडच होते.

यापुढचा भेद पुणतांब्याला, गोदावरीच्या घाटावर सायंकाळी उभे राहिल्यास सहज उमगतो. मोने तेथे बसला असता, तर पाण्यावर हलणाऱ्या केशरी तुकड्यांच्या मागे लागला असता आणि ऊन सरताच दुसरा कॅनव्हास काढला असता. त्याने गवताच्या गंजींची चित्रमालिका अशीच रंगवली. सेझान मात्र पायऱ्यांच्या आडव्या रेषा आणि देवळाच्या शिखराचा उभा भार यांचे नाते शोधत महिनोन्महिने तेथेच राहिला असता. मोनेला क्षण हवा होता. सेझानला क्षण सरल्यावरही उरणारे काही.

गंमत अशी की, १८७४च्या त्या प्रदर्शनात सेझानही होता. बंड घरातूनच झाले. १८८६च्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात सेराने ठिपक्याठिपक्यांनी रचलेले भव्य चित्र मांडले. व्हॅन गॉगने रंगाला भावनेचे काम दिले, तर गोगँने सपाट रंगक्षेत्रांतून प्रतीके उभी केली. या चौघांत साम्य फारच थोडे. पोस्ट-इम्प्रेशनिझम हे नाव रॉजर फ्रायने लंडनमधील १९१०च्या प्रदर्शनासाठी योजले, तेव्हा चौघांपैकी एकही हयात नव्हता. म्हणून त्या नावाला एका शैलीचे नाव समजणे चूकच.

पॅरिसमध्ये हे टप्पे एकामागून एक आले. मुंबईत ते एकदमच पोहोचले, आणि बहुतांशी छापील प्रतिकृतींतून. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चार्ल्स जेरार्ड आधुनिक दृष्टी रुजवू पाहत होते. नाझींमुळे ऑस्ट्रिया सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कला-दिग्दर्शक होते आणि तरुण चित्रकारांना घरी बोलावून शिकवत. रझा त्यांपैकीच एक. १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि विदर्भातील ह. अं. गाडे यांच्यासोबत होते. पण तोवरची त्यांची जलरंगातील मुंबई आणि काश्मीर मुख्यतः वाहत्या रंगांची होती. कार्तिए-ब्रेसाँ यांनी बोट ठेवले ते नेमके येथेच.

१९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘ओ द कान्य’ रंगवले : माणसांवाचूनची, एकमेकांवर रचलेली कोनाकोनांची घरे आणि वर काळा सूर्य. कान्य हे दक्षिण फ्रान्समधील तेच गाव, जेथे दृक्प्रत्ययवादी रेन्वारने आयुष्याची अखेरची वर्षे काढली होती.