अविभाज्य भूमी : विनयाचा नियम आणि महार वतन

कृष्णाखोऱ्यातील कुंडल हे गाव प्रतिसरकारच्या चळवळीमुळे सर्वपरिचित आहे. त्या काळी ते औंध संस्थानात होते. औंधात १९३९ च्या संविधानाने ग्रामपंचायतींच्या हाती कारभार आला आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. राज्ये बदलली, परंतु या खोऱ्यातील गावोगावच्या महारवाड्यापुढे असलेला प्रश्न राजवट बदलल्याने सुटणारा नव्हता. ज्या जमिनीला गावचाकरी बांधलेली आहे, ती जमीन खरोखर कोणाची?

महार वतन हे मालकीचे रूप घेऊन आलेले दास्य होते. तुकडाभर जमीन व बलुते यांच्या मोबदल्यात संपूर्ण कुटुंबाने रात्रंदिवस सरकारची व गावाची कामे करावयाची, अशी ही व्यवस्था. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये तिच्यावर घाव घातला. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर जमीन वतनदारास परत मिळे. मात्र जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून आणि ठरलेली रक्कम भरल्यावाचून तिचे हस्तांतर वा विभाजन करता येत नसे.

ही अट वाचताना पालीच्या अभ्यासकास चुल्लवग्गाचे स्मरण होते. त्यातील सेनासनक्खंधकात आराम, विहार व त्यांच्या जागा 'अविस्सज्जिय' म्हणजे देऊन टाकता न येणाऱ्या आणि 'अवेभंगिय' म्हणजे वाटून घेता न येणाऱ्या ठरविल्या आहेत. हा निर्बंध एकट्या भिक्खूवर नाही. खुद्द संघासही तो बांधतो. कारण ती संपत्ती आलेल्या व पुढे येणाऱ्या चारी दिशांच्या संघाची आहे. हा नियम भिक्खूंसाठी होता, शेतकऱ्यांसाठी नव्हे, हे आम्ही विसरत नाही. तरीही दोहोंतील भेद बोधप्रद आहे. विनयात राखणदार संघच आहे. कायद्यात तो कचेरीत बसतो. अडचणीत सापडलेला एकटा खातेदार आणि धनवान खरेदीदार यांच्यामध्ये केवळ एक परवानगी उभी राहते. अनेक ठिकाणी ती भिंत तोकडी पडली.

कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात आजही बौद्ध लेणी आहेत. लेण्यांतील संघाच्या जमिनीचे काय होई, हे नाशिकच्या लेखांवरून कळते. गौतमीपुत्र सातकर्णीने त्रिरश्मी पर्वतावरील भिक्खूंना २०० निवर्तने शेत दिले व राजपुरुषांनी तेथे शिरू नये, असे फर्माविले. पुढे ते गाव ओस पडले, शेत कसले जाईना. तेव्हा नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने बदली देण्यात आली. वतनाची जमीन चाकरी लादी. ही जमीन राजाच्या चाकरांनाच दूर ठेवी. शिवाय कसले न जाणारे शेत हे दान नव्हे, हे त्या राज्यकर्त्यास कळले होते.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे; तथापि जमिनीवाचून समता पोकळ राहते, हा अनुभव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचाही आहे. १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात त्यांनी सामुदायिक मालकीची मोठी शेती उभारली. दुष्काळात सरकारी कर्जाबाबत त्यांच्याशी भेदभाव झाला आणि १९८५ मध्ये ती शेती गेली. म्हणजे सामुदायिक मालकीही एकटी पुरत नाही. कूटदंत सुत्तात राजाने शेतकऱ्यांना बीभरण पुरवावे, असे सांगितले आहे ते याचसाठी.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्यातील मागणी पडीक जमिनीची होती. आज जी वतनी व गायरान जमीन समाजाच्या हाती उरली आहे, तिचे रक्षण हे त्याच मागणीचे पुढचे पाऊल होय. गावोगावच्या विहारांतून अशा जमिनींची नोंद ठेवावी, विक्रीची वेळ आलेल्या कुटुंबास प्रथम आपल्याच माणसांनी हात द्यावा आणि कसण्याची साधने एकत्र उभारावीत, असे आम्ही सुचवितो. जमीन परत मिळणे हा न्यायाचा अर्धा भाग आहे. ती पुढच्या पिढीसाठी राखणे हा उरलेला अर्धा.