प्रोपेलर नाहीसा झाला तेव्हा : बाल्साच्या जेट-प्रतिकृतींचा इतिहास

१८७१ साली आल्फोंस पेनो याने पॅरिसमध्ये पीळ दिलेल्या रबराच्या बळावर एक चिमुकले विमान उडवून दाखविले. पुढची सत्तर वर्षे विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना हा रबराचा पीळ आणि त्यावर फिरणारा प्रोपेलर पुरेसा होता. मग जेट आले. २७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत हाइन्केल १७८ उडाले, १५ मे १९४१ रोजी ब्रिटनमध्ये ग्लॉस्टरचे विमान उडाले, आणि महायुद्ध संपता संपता प्रत्येक मुलाला हवे असलेले विमान असे होते की ज्याच्या नाकावर प्रोपेलरच नव्हता.

ही अडचण वरवर पाहता क्षुल्लक वाटते. ती तशी नव्हती. जेटच्या प्रतिकृतीला प्रोपेलर लावला तर ती जेट दिसत नाही, आणि न लावला तर ती उडत नाही. काहींनी नाकावर प्रोपेलर लावून डोळे मिटून घेतले, तर काहींनी गलोलीने फेकायचे ग्लायडर केले. मूळ विमानाशी प्रामाणिक राहून ते स्वतःच्या बळावर उडविणे, हे मात्र कोणालाच साधत नव्हते.

साहित्य तर हाताशी होते. इक्वेडोरच्या जंगलात वाढणारे बाल्सा हे झाड काही वर्षांतच तोडणीला येते, आणि त्याच्या हलक्या लाकडाचे वजन घनमीटरला शंभर ते दोनशे किलोच्या आसपास भरते. ‘बाल्सा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तराफा. हे काही निव्वळ खेळण्याचे लाकूड नव्हे. २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडालेल्या डी हॅविलँड मॉस्किटो या लढाऊ विमानाचे धड प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून घडविलेले होते.

उणीव होती ती इंजिनाची. ती १९४८ साली भरून निघाली. चार्ल्स विल्मट आणि जोसेफ मन्सूर या जोडीने १९३०च्या दशकात ‘फ्रॉग’ नावाची उडती खेळणी बाजारात आणली होती. आता त्यांनी ‘जेटेक्स’ आणले. बोटाएवढी अ‍ॅल्युमिनियमची नळकांडी, आत ग्वानिडीन नायट्रेटची दाबलेली वडी, तिला पेटविणारी वात, आणि मागच्या झाकणाला बारीक छिद्र. वडी सिगारेटसारखी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश जळे आणि छिद्रातून वायू बाहेर पडे. तत्त्वतः हे रॉकेट होते, जेट नव्हे; पण आकाशाकडे मान वर करून पाहणाऱ्याला हा भेद कशाला जाणवेल?

आता खरी कसोटी गणिताची होती. उदाहरणार्थ सेबर हे अमेरिकी विमान १:३६ प्रमाणात करावयाचे ठरविले, तर त्याचे ११.३ मीटरचे पंख ३१ सेंटिमीटरचे होतात. क्षेत्रफळ मात्र १,२९६ पटींनी घटते आणि वजन, घनफळाच्या हिशेबाने, ४६,६५६ पटींनी. सुमारे सात टनांचे भरलेले विमान या न्यायाने दीडशे ग्रॅमचे व्हावयास हवे. पण लहानशा जेटेक्स ५०चा जोर अर्ध्या औंसाच्या, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या घरात. तेव्हा प्रतिकृती उडवायची असेल तर ती पन्नास ग्रॅमच्या आसपास आणणे भाग होते. आकार मुळाबरहुकूम, पण वजन मुळाच्या प्रमाणाच्या तिसऱ्या हिश्श्याचे. अशा प्रतिकृतीला प्रामाणिक म्हणावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. पण निसर्ग प्रमाणपट्टी पाहत नाही.

म्हणून लाकूड वजन करूनच निवडावे लागे. ओंडक्यातून फळी कोणत्या दिशेने कापली यावर तिचा स्वभाव ठरतो : एका कापाची फळी भिजवली की नळीसारखी गुंडाळता येते, तर दुसऱ्या कापाची ताठ राहते आणि वाकवू जाता मोडते. धडाला पहिली, पंखांना दुसरी. आडव्या चकत्या उभ्या करून त्यांवर बारीक पट्ट्या चिकटवायच्या, वर टिश्यू कागद ताणून डोपचा पातळ हात द्यायचा. पंखांचा छेद मुळासारखा जाड ठेवण्यापेक्षा पातळ ठेवणे इतक्या लहान आकारात अधिक लाभाचे ठरे. मागचे आडवे शेपूटही बहुतेक जण थोडे वाढवीत. काटेकोर मंडळींना ते खपत नसे.

सर्वांत अवघड प्रश्न इंजिन ठेवायचे कोठे, हा होता. मुळाप्रमाणे शेपटाशी छिद्र ठेवून नळकांडी तेथेच बसविली, तर विमान मागे जड होऊन नाक वर करी आणि कोसळे. वडी जळून संपताना वजनही बदलत जाई, म्हणून इंजिन गुरुत्वमध्यापाशीच हवे. आरंभीच्या आराखड्यांत ते पोटाखाली खाचेत, सर्वांना दिसेल असे बसविलेले असे. खाचेला अ‍ॅस्बेस्टॉसच्या कागदाचे अस्तर लावीत. त्या काळी त्याचे कोणाला भय वाटत नव्हते.

यावरचा तोडगा १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. इंजिन धडाच्या मध्यभागी ठेवून त्याच्यामागे पातळ धातूची नळी थेट शेपटाच्या छिद्रापर्यंत नेली. नळीचे पुढचे तोंड कर्ण्यासारखे पसरट. इंजिनाचा झोत त्यात शिरताना भोवतालची हवाही ओढून घेई. ही हवा विमानाच्या खऱ्या तोंडातून, म्हणजे जेटच्या हवेच्या मार्गातूनच आत येई. दिखाव्यासाठी ठेवलेले भोक आता कामाचे झाले, आणि धूर जेथून यावयास हवा तेथूनच येऊ लागला.

ही कसरत केवळ छंदाची नव्हती. फेब्रुवारी १९४६ मध्ये ब्रिटिश सरकारने ध्वनीहून वेगवान होऊ पाहणारे माइल्स एम.५२ रद्द केले, आणि त्याऐवजी त्याच्या तीन-दशांश आकाराच्या, रॉकेटवर चालणाऱ्या प्रतिकृती हाती घेतल्या. ऑक्टोबर १९४८ मध्ये अशा एका प्रतिकृतीने ध्वनीच्या १.३८ पट वेग गाठला. आराखडा बरोबर होता, हे विमान मोडीत निघाल्यावर सिद्ध झाले. ती प्रतिकृती आकाशात नेऊन सोडणारे विमान होते मॉस्किटो, पोटात बाल्सा भरलेले.

जेटेक्सची वडी दहा-पंधरा सेकंदांत संपे. पुढे नळीत पंखा फिरविणारी छोटी इंजिने आली, आणि १९८३ साली ब्रिटनमध्ये खऱ्या टर्बाइनवर रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती उडाली. आज नळीतला पंखा बॅटरीवर फिरतो. पंखांसाठी बाल्साची फळी मात्र आजही आधी काट्यावर ठेवली जाते.