मेणपत्रा, मध आणि एक अफवा

पोळ्याच्या तुकड्यासकट मध खाल्ला असेल, तर चावून चावून शेवटी तोंडात मेणाचा गोळा उरतो हे तुम्हाला माहीत असेल. आजची गोष्ट त्या गोळ्याची आहे, आणि पुराव्यावरून निष्कर्ष काढताना आपण कुठे घसरतो याचीही.

मधपेटीच्या चौकटीत माश्यांनी सरळ पोळं बांधावं म्हणून मेणाचा पत्रा लावतात. त्यावर दोन्ही बाजूंनी षटकोनी घरांचे ठसे असतात आणि माश्या त्यावरच भिंती चढवतात. हाच मेणपत्रा, म्हणजे फाउंडेशन. १८५७ मध्ये जर्मनीत योहानेस मेहरिंग यांनी तो साच्यात दाबून बनवला. १८७६ मध्ये अमेरिकेत, ओहायोतल्या मेडिना गावी, ए. आय. रूट यांनी रुळांच्या यंत्रावर तो काढायला सुरुवात केली.

पिलांच्या कोठीत पत्रा जाड असला, त्यात तारा असल्या, तरी बिघडत नाही. पोळं मजबूतच होतं. मध यंत्रात फिरवून काढायचा असेल तरी तेच. पण पोळ्याचा तुकडाच कापून विकायचा असेल तर गणित बदलतं. पत्र्यातलं सगळं मेण माश्या भिंतींसाठी ओढून घेत नाहीत. जाड पत्रा लावला की पोळ्याच्या मधोमध चिवट पापुद्रा राहतो आणि तो दाताला लागतो. अमेरिकन मधपाळ त्याला ‘माशाचा काटा’ म्हणायचे. म्हणून इथे पत्रा शुद्ध मधमाशीच्या मेणाचा, पातळ आणि बिनतारेचा हवा. किंवा चौकटीला वर फक्त एक अरुंद पट्टी चिकटवायची आणि बाकीचं माश्यांवर सोडायचं. दोन्हींत धोका आहेच. पातळ पत्रा उन्हाळ्यात वाकतो, आणि नुसती पट्टी असली की माश्या बऱ्याचदा नरांची मोठी घरं बांधतात.

आता अफवेकडे वळू. त्या काळी अमेरिकेत बाटलीतल्या मधात ग्लुकोजची भेसळ व्हायची. पोळ्यातला मध मात्र माश्यांनीच झाकून बंद केलेला, त्यामुळे गिऱ्हाइकाचा त्याच्यावर विश्वास होता. १८८१ मध्ये हार्वी वायली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी ‘पॉप्युलर सायन्स मंथली’त लिहिलं की पॅराफिनचं पोळं करून त्यात यंत्राने ग्लुकोज भरतात. असं यंत्र कुठेच नव्हतं. वायलींनी पुढे तो विनोद असल्याचं सांगितलं, पण तोवर ते वाक्य वर्तमानपत्रांत पसरलं होतं आणि खऱ्या मधपाळांचा माल संशयात सापडला होता. कृत्रिम पोळं दाखवणाऱ्याला रूट यांनी १,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ते कुणीच नेलं नाही.

पुढे १८९० च्या दशकात ई. बी. वीड यांच्या पद्धतीने मेणाचे लांबलचक, एकसारखे पातळ पत्रे निघू लागले. इथे मोह होतो. आधी अफवा, मग चांगला पातळ पत्रा. म्हणजे अफवेमुळे पातळ पत्रा! माझ्या पहिल्या खर्ड्यात जवळजवळ हेच वाक्य होतं. ते खोडावं लागलं. पातळ पत्र्याचं कारण सांगायला ‘माशाचा काटा’ पुरेसा आहे. वायलींनी ते वाक्य लिहिलंच नसतं तरी तो दाताला लागलाच असता. एकामागून एक घडलं, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

मग ती अफवा काय सांगते? तिच्याखाली तीन खऱ्या गोष्टी होत्या. ग्लुकोजची भेसळ खरी होती. पोळ्याचा पाया खरंच यंत्रावर निघत होता. लिहिणारा खरंच रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. ज्याने यंत्रातून निघणारा मेणपत्रा पाहिला, त्याला यंत्रातून निघणारं अख्खं पोळं अशक्य वाटलं नसणार. आणखी एक गंमत बघा: हेच वायली पुढे भेसळीविरुद्धच्या १९०६ च्या अमेरिकन कायद्यामागचे प्रमुख माणूस ठरले.

तुमच्या साधनांत असं खोटं विधान सापडलं तर ‘चूक’ असा शेरा मारून पुढे जाऊ नका. ते कोणत्या खऱ्या गोष्टींवर उभं होतं ते लिहून काढा आणि त्याची किंमत कुणी मोजली ते शोधा. प्रकरणाचा खरा मजकूर बऱ्याचदा तिथेच मिळतो.