गोष्टीचा तास आणि कुरणशाळा : गिजुभाई बधेका ते ताराबाई मोडक

वाचन-लेखनाच्या अध्यापनाचा इतिहास लिहिताना पाठ्यपुस्तकांची चिकित्सा होते. तासाच्या रचनेचा विचार मात्र क्वचितच होतो. वर्गातील वेळ कोणाच्या कलाने चालावा, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात एका गुजराती कथनाच्या आणि एका मराठी प्रयोगाच्या आधारे मांडला आहे.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. त्यामागे माँटेसोरींच्या विचारांची प्रेरणा होती. १९३०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘दिवास्वप्न’मध्ये मात्र प्रयोग घडतो तो प्रचलित शाळेच्या चौथीच्या वर्गात. हा शैक्षणिक प्रबंध नव्हे, शिक्षकाने प्रथमपुरुषी सांगितलेली काल्पनिक कथा आहे. शांततेचा पहिला खेळ फसतो; मग शिक्षक गोष्ट सांगू लागतो आणि ऐकण्याच्या ओढीतूनच वर्गाला शिस्त लागते. पाठ्यपुस्तकांचे पैसे एकत्र करून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते. श्रवणातून वाचनाची गोडी निर्माण व्हावी, असा हा क्रम आहे.

या कथनाची मर्यादा त्याच्या कालचौकटीत आहे. प्रयोगाला मुदत एका वर्षाची, तीही अधिकाऱ्याच्या अनुमतीने. शेवटी परीक्षा आहेच. तासाच्या आतला वेळ मुलांचा होतो, परंतु तासाची चौकट शाळेचीच राहते. शाळेत येऊच न शकणारे मूल या कथेच्या बाहेर राहते.

भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक यांना पुढे नेमके हेच मूल भेटले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. १९५७ साली ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथील आदिवासी मुलांचा दिवस गुरे राखण्यात जाई. त्यांना घंटेच्या ठोक्याला बांधणे व्यर्थ होते. म्हणून शाळाच कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ या नावातच वेळापत्रकाची उलटापालट सामावली आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे भाषांतराचा एक निराळा प्रकार दिसतो. गुजरातीतून मराठी प्रदेशात केवळ पुस्तक वा पद्धत आली नाही. येताना ‘विद्यार्थिकेंद्री’ या कल्पनेचा अर्थच बदलला. भावनगरच्या कथेने मुलाची आवड केंद्रस्थानी आणली, कोसबाडने त्याचे श्रम. विद्यार्थ्याला केंद्रस्थानी मानणाऱ्या प्रत्येक अभ्यासक्रमाने म्हणूनच आधी विचारावयास हवे : या मुलाचा दिवस कसा उगवतो आणि कोणत्या कामात मावळतो?