भिंतीवर राजा, अंगणात मिरी

१९९९ साली इजिप्तमध्ये, लाल समुद्राकाठच्या बेरेनिके या ओसाड बंदरात, सेरापिस देवाच्या देवळाचं अंगण खणताना एक मोठा रांजण सापडला. आत साडेसात किलो काळी मिरी होती. मिरी भारतातली, रांजणही भारतात घडवलेला. वय सुमारे दोन हजार वर्षं.

मी न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. २०२३च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. तेव्हा हा मार्ग किती जुना आहे हे शोधत मी त्या रांजणापर्यंत पोचलो. आणि तिथे एक प्रश्न पडला: राजालाच देव मानणाऱ्या देशाच्या देवळात परक्या व्यापाऱ्याचा माल काय करत होता?

इजिप्तच्या श्रद्धेचा गाभा म्हणजे ‘मआत’, जगाची नीट बसलेली घडी. सूर्य उगवणं, नाईलला वेळेवर पूर येणं, माणसाला न्याय मिळणं, सगळं त्यात आलं. ही घडी राखायची जबाबदारी फॅरोची. तो होरस देवाचं रूप आणि देवांचा पुत्र. देवाला नैवेद्य दाखवायचा खरा अधिकार त्याचाच. गावोगावचे पुजारी पूजा करत ती त्याच्या वतीने. आमच्या भाषेत, अ‍ॅडमिन एकच, बाकीच्यांना त्याने दिलेली परवानगी. म्हणून देवळांच्या भिंतींवर देवासमोर पुजाऱ्याऐवजी राजा उभा दिसतो.

इ.स.पू. ३० मध्ये रोमने इजिप्त घेतलं. तरी पुजाऱ्यांनी ऑगस्टस आणि टायबेरियस यांना फॅरोच्या वेशात कोरलं. सम्राट झाल्यावर टायबेरियस इजिप्तला फिरकलाही नाही. पण राजा नसेल तर पूजा कोणाच्या नावाने करायची? ती जागा रिकामी ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

बेरेनिकेत मात्र वेगळं चित्र दिसतं. २०२२ मध्ये तिथल्या इसिस देवीच्या देवळाच्या अंगणात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. उंची ७१ सेंटिमीटर, डोक्यामागे सूर्यकिरणांचं वलय, बाजूला कमळ. ती बहुधा दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात घडवली असावी आणि एखाद्या भारतीय व्यापाऱ्याने अर्पण केली असावी, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज आहे. तिथेच तिसऱ्या शतकातला संस्कृत लेख आणि सातवाहनांची नाणीही मिळाली. देवीचं घर तिचंच राहिलं, पण अंगणात दूरच्या माणसाच्या श्रद्धेलाही जागा झाली.

या मार्गाच्या आपल्या टोकाला काय होतं? पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावं येतात. कल्याणच्या व्यापारावर निर्बंध आल्याचं आणि तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात असल्याचंही त्यात लिहिलंय. म्हणजे राजांच्या भांडणात जहाजांचा मार्ग बदलणं तेव्हाही होतं.

कल्याणहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणीचा मोठा लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गाईंचा हिशोब आहे. इथला राजा देव नव्हता, यजमान होता. फॅरो देवांशी नातं सांगून राज्य करायचा, सातवाहन राजा दान देऊन. पण दोघांनाही आपलं नाव भिंतीवर हवंच होतं. नाणेघाटात तर ते व्यापाऱ्यांच्या वाटेवरच कोरलं गेलं.

आणि कार्ल्याच्या चैत्यात? तिथल्या अनेक खांबांवर यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या लोकांची नावं आहेत. एकेकाने एकेक खांब दान दिला. इजिप्तच्या अंगणात बुद्ध आणि मावळातल्या लेण्यात यवन, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. शाळेत आपण राजांची वंशावळ पाठ करतो. पण समुद्रापलीकडे एकमेकांच्या देवांना जागा मिळाली ती या खांब देणाऱ्या आणि मूर्ती बसवणाऱ्या माणसांमुळे.

न्हावा शेव्यासमोर घारापुरी बेट दिसतं. त्याच्या किनाऱ्यावर रोमन काळातल्या दारूच्या कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. ते कुंभ वाहून आणणाऱ्यांची नावं कुठल्याच भिंतीवर नाहीत. आजही लाल समुद्रातून जायचं की नाही हे दूरच्या कचेऱ्यांत ठरतं, आणि त्या पाण्यातून जहाज नेतात ते खलाशी.